नऊ बटणे, दहा माणसे

मानापानाचा प्रश्न मराठी घरात कोठून निघेल याचा नेम नाही. लग्नपत्रिकेवर कोणाचे नाव आधी घालायचे, पंगतीत कोणाचे पान कोठे मांडायचे, फोटो काढताना खुर्चीवर कोण बसणार आणि मागे उभे कोण राहणार, या जुन्या वादांना आपण सरावलो आहोत. आता त्यांत एका नव्या वादाची भर पडली आहे, आणि तो बाहेरच्या खोलीत तिपाईवर ठेवलेल्या बिनदोरीच्या टेलिफोनने आणला आहे. ज्याला आपण सगळेच कॉर्डलेस म्हणतो, त्या या फोनवर एकच आकडा दाबून धरला की आपण आधी ठरवून ठेवलेला सबंध नंबर समोर येतो. याला स्पीड डायल म्हणतात. बहुतेक यंत्रांवर अशा आठ, नऊ, फार तर दहा जागा असतात. जागा नऊ आणि माणसे दहा अशी वेळ आली, की वादाला तोंड फुटते.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊकच आहे, की येथे आपण घरातल्या लहानसहान वस्तूंविषयी बोलतो. दिवाळी अंकात पाने जरा ऐसपैस मिळतात, म्हणून या वेळी हा विषय निवांतपणे घेऊ.

कोणी म्हणेल, ‘आता घरातल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना हे जुने खटले कशाला?’ प्रश्न रास्त आहे, आणि पुष्कळ घरांतून हा फोन निघूनही गेला आहे. पण ज्या घरात सत्तरी ओलांडलेले कोणी आहे, तेथे तो अजून टिकून आहे, आणि त्याला कारणे आहेत. त्याची बटणे मोठी असतात आणि दाबली की बोटाला कळतात. पाच या आकड्यावर एक बारीकसा उंचवटा असतो. त्यावर बोट ठेवले, की चष्मा न लावताही वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा असा अंदाज बांधता येतो. शिवाय त्याची जागा ठरलेली असते. हातातला भाग कोठे तरी उशीखाली गेलाच, तर खालच्या बैठकीवरचे बटण दाबले की तो ओरडून आपला ठावठिकाणा सांगतो. अर्थात पुढे सांगितलेले बरेचसे मोबाइललाही लागू आहे, तेव्हा कॉर्डलेस नसलेल्यांनी पान उलटण्याचे कारण नाही.

थोडा मागचा इतिहास पाहू. मुंबईत टेलिफोनचे एक्स्चेंज आले ते १८८२ साली. तेव्हा नंबर फिरवायचा नसे, तो सांगायचा असे. रिसीव्हर उचलावा, ऑपरेटरला अमका नंबर द्या म्हणावे, आणि तिने तो जोडून द्यावा. ही मध्यस्थी नाहीशी करणारे यंत्र अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या आल्मन स्ट्रोजर या गृहस्थाने काढले. त्याचे पेटंट त्याला १८९१ साली मिळाले. हा गृहस्थ धंद्याने अंत्यविधीची व्यवस्था करणारा होता. त्याच्या यंत्रामागोमाग बोटाने फिरवायची तबकडी आली. ज्यांनी ती फिरवली आहे त्यांना आठवत असेल, की नंबरात शून्ये आणि नऊ जास्त असले की बोट दुखायचे. एक फिरवला तर एक ठोका जाई, नऊला नऊ, आणि शून्याला चक्क दहा. ठोके सेकंदाला दहा या गतीने जात, म्हणजे एकट्या शून्यालाच एक सेकंद लागे. मध्येच बोट घसरले, की सगळे पहिल्यापासून!

परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल लावून वाट पाहत बसावे लागे. आपल्या देशात ऑपरेटरवाचून थेट परगावचा नंबर फिरवण्याची सोय प्रथम १९६० साली लखनौ आणि कानपूर या दोन शहरांमध्ये झाली. बटणांचा फोन बाजारात आला तो १८ नोव्हेंबर १९६३ रोजी, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या दोन लहान गावांत. आणि दोनच वर्षांनी, १९६५ साली, न्यू जर्सीतील सकासुन्ना या गावी इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झाले. त्याच्या गिऱ्हाइकांना नेहमीचे नंबर थोडक्या आकड्यांत लावण्याची सोय मिळाली. म्हणजे नंबर लक्षात ठेवण्याचे काम तेव्हा गावच्या एक्स्चेंजकडे होते. आज तेच काम आपल्या तळहातावरचे यंत्र करते.

ते करते तरी काय? प्रत्येक बटण दाबले की एकाच वेळी दोन सूर निघतात, एक खर्जातला आणि एक वरचा. पाचाचे बटण दाबले तर ७७० आणि १३३६ कंपनांचे दोन सूर एकत्र वाजतात. ही जोडी ऐकून पलीकडचे एक्स्चेंज आकडा ओळखते. स्पीड डायलमध्ये यंत्राच्या पोटात तुमचे दहा-अकरा आकडे टिपून ठेवलेले असतात. तुम्ही एक बटण दाबता आणि यंत्र ते सगळे सूर एका दमात वाजवून टाकते. पेटीवाल्याने पाठ केलेले गाणे सुरुवातीच्या एका खुणेवर वाजवावे, तसाच हा प्रकार. यात जादू काही नाही. टिपण चुकीचे असेल तर यंत्र चुकीचा नंबरही तितक्याच इमानाने लावील.

आता नंबर साठवायचा कसा ते पाहू. यंत्रायंत्रांत थोडा फरक असतो, पण सर्वसाधारण रीत अशी. फोन उचलून हिरवे बटण दाबायचे नाही, म्हणजे गुणगुण ऐकू येता कामा नये. मेनूतून फोनबुक उघडायचे, नवे नाव घालायचे, मग नंबर, आणि शेवटी साठवण्याचे बटण. नाव घालताना पुष्कळजण कंटाळतात, कारण एकेका बटणावर तीन-तीन, चार-चार इंग्रजी अक्षरे असतात. ‘आई’ लिहायचे तर दोनचे बटण एकदा, क्षणभर थांबून पुन्हा एकदा, आणि मग चारचे बटण तीनदा. या पुस्तकात नावे इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने लागतात. त्यामुळे आई आणि आजी ही दोन नावे आपोआप सर्वांच्या वर जाऊन बसतात. इंग्रजी वर्णमालेने नकळत का होईना, त्यांचा मान राखला आहे!

नाव साठवले की ते नऊपैकी एखाद्या बटणाला जोडून द्यायचे. काही यंत्रांत रिकामे बटण दाबून धरले की यंत्र स्वतःच विचारते. काहींत मेनूमध्ये त्याची वेगळी ओळ असते. एकचे बटण काही कंपन्या संदेशपेटीसाठी राखून ठेवतात, तेव्हा ते चालत नसेल तर यंत्र बिघडले असे समजू नये. वापरताना बटण नुसते दाबून चालत नाही, दोनेक सेकंद दाबून धरावे लागते. काही यंत्रांत तेवढ्याने नंबर लागतो, काहींत नंबर पडद्यावर दिसल्यावर हिरवे बटणही दाबावे लागते. घरातल्या वडील माणसांना हा एवढा फरक दोनदा दाखवून द्यावा, आणि तिसऱ्यांदा त्यांना स्वतःला करू द्यावे. आपण करून दाखवले म्हणजे त्यांना आले, असे समजून उठणारी मुले फार असतात.

नंबर घालताना एका शून्याकडे मात्र विशेष लक्ष पाहिजे. १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या टेलिफोनवरून कोणत्याही मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते, मग तो मोबाइल शेजारच्या खोलीत का असेना. नव्या मोबाइल नंबरांसाठी जागा करायची म्हणून ही व्यवस्था झाली. तिच्यामुळे २५० कोटींहून अधिक नंबर मोकळे होतील असे सरकारने सांगितले होते. पण घराघरांतल्या फोनमध्ये त्यापूर्वी साठवलेले दहा आकडी नंबर काही आपोआप बदलले नाहीत. ज्या घरात फोन बहुधा येतात आणि क्वचितच केले जातात, तेथे हे कळायला मार्गच नसतो. ऐन वेळी बटण दाबले तर मुलाच्या आवाजाऐवजी सूचनेची रेकॉर्ड ऐकू यायची. तेव्हा या दिवाळीत वडिलांच्या घरी गेलात, तर फराळापूर्वी एवढे काम करा. प्रत्येक साठवलेला मोबाइल नंबर अकरा आकडी आहे की नाही, ते पाहून घ्या.

परदेशचा नंबर असेल तर आधी दोन शून्ये, मग त्या देशाचा आकडा, मग तेथला नंबर. अमेरिकेचा असेल तर एकूण तेरा आकडे होतात. मोबाइलवर आपण जे अधिकाचे चिन्ह घालतो ते येथे उपयोगी नाही, आणि परदेशी बोलण्याची सोय आपल्या फोनला घेतलेली आहे ना, हेही आधी विचारून ठेवावे. वेळेचेही एक आहे. इंग्लंडातील घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेतील नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात. म्हणजे हा बदल नेमका दिवाळीच्या आगेमागे येतो. न्यूयॉर्क आपल्याहून उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. लक्ष्मीपूजन आटोपून आशीर्वादाचा फोन लावणाऱ्या आजींनी हा एक तास ध्यानात ठेवावा.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. नऊ बटणांवर कोणाला बसवायचे?

बहुतेक घरांत ही यादी वयाच्या आणि मायेच्या क्रमाने लावलेली आढळते. पहिल्या बटणावर थोरला मुलगा, दुसऱ्यावर धाकटा, तिसऱ्यावर मुलगी, पुढे बहीण, भाऊ, व्याही, आणि राहिलीच जागा तर डॉक्टर. रीत म्हणून हे ठीक आहे. परंतु थोरला मुलगा न्यू जर्सीत, धाकटा बंगळुरात आणि मुलगी नागपुरात असेल, आणि पुण्याच्या घरात न्हाणीघरात पाय घसरला असेल, तर या तिघांपैकी कोण येणार? ते घाबरणार, आणि पुण्यातल्याच कोणाला तरी फोन लावणार. तो कोणी तरी म्हणजे बहुधा खालच्या मजल्यावरच्या वहिनी, ज्यांचा नंबर आपल्या यादीत नाहीच.

म्हणून माझे म्हणणे असे, की ही यादी नात्याच्या जवळिकीने न लावता पायऱ्यांच्या अंतराने लावावी. दहा मिनिटांत जो दारात उभा राहू शकतो, त्याला पहिली जागा. ज्याच्याकडे आपल्या घराची जादा किल्ली आहे, त्याला तर निश्चितच. त्यानंतर नेहमीचे डॉक्टर, मग गावातच पण लांब राहणारे एखादे नातलग, मग औषधांचे दुकान. तेथून पुढे परगावची मुले, आणि शेवटी परदेशची. एक जागा अशा एखाद्या मैत्रिणीसाठी किंवा मित्रासाठी राखावी, की ज्यांना काही काम नसताना फोन करता येतो. औषधाच्या दुकानाइतकीच तीही गरजेची.

या व्यवस्थेने कोणाचे मन दुखावते का? दुखावते. आमच्या ओळखीच्या एका घरी अशी नवी यादी लावल्याची बातमी समुद्रापार पोचली, तेव्हा फोनवर थोरल्या चिरंजीवांचा आवाज पडला. ‘आई, म्हणजे मी सहावा?’ आई शांतपणे म्हणाल्या, ‘सहावा तू नाहीस रे, सहावे तुझे गाव आहे. तुला तर माझे बटणही लागत नाही, तुझा नंबर मला पाठ आहे.’ चिरंजीव काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी पहिल्या बटणावरच्या शेजाऱ्यांचा नंबर मागून घेतला आणि आपल्या फोनमध्ये घातला. त्या यादीचा खरा उपयोग त्या दिवशी झाला असे मी म्हणेन. आई-वडिलांपासून दूर राहणाऱ्या प्रत्येक मुलाजवळ त्यांच्या शेजाऱ्यांचा नंबर असावा, आणि वर्षातून एकदा तरी, संकट नसताना, त्या नंबरवर त्याने बोलावे. दिवाळी हे त्याला चांगले निमित्त आहे.

पोलिस, आगीचा बंब आणि रुग्णवाहिका यांना नऊपैकी जागा द्यावी का? माझ्या मते देऊ नये. ११२ हा सर्व संकटांसाठीचा एकच क्रमांक आहे आणि महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. हे मुळात तीनच आकडी असल्याने बटण अडवून फारसे काही वाचत नाही. उलट नातवंडाने खेळता खेळता बटण दाबून धरले, तर भलत्याच ठिकाणी घंटा वाजायची. त्यापेक्षा हे दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवावेत. त्यांखाली ज्येष्ठ नागरिकांच्या मदतीचा १४५६७ हा क्रमांकही लिहावा. सर्वांत खाली आपला स्वतःचा पूर्ण पत्ता असावा, मजला आणि जवळची खूण यांसह. याला हसू नका. घाबरलेल्या माणसाला आपल्याच घराचा पत्ता सांगता येत नाही, आणि फोन करणारी घरात नवी आलेली कामवाली असेल तर तो तिला ठाऊक असेलच असे नाही.

याच कागदावर नऊ बटणांची यादीही लिहावी. कारण यंत्राला जसे लक्षात राहते तसे आपण विसरू लागतो. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली एका प्रसिद्ध निबंधात दाखवले, की माणसाच्या मनात एका वेळी साधारण सातच गोष्टी मावतात, दोन इकडे किंवा दोन तिकडे. मुंबईचे नंबर सात आकडी होते तोवर हे गणित जमत होते. या शतकाच्या आरंभी त्यांच्यामागे दोनाचा आकडा लागून ते आठ आकडी झाले, आणि मोबाइल तर दहा आकडी. त्यातून एक बटण दाबून काम होत असेल, तर पाठ कोण करतो? हल्लीच्या शाळकरी मुलाला सतराचा पाढा एक वेळ येईल, पण आईचा नंबर विचारा! जत्रेत हात सुटला, फोनची बॅटरी संपली, तर स्पीड डायलचा उपयोग नाही. तेव्हा घरातल्या लहानथोर प्रत्येकाला निदान तीन नंबर पाठ असलेच पाहिजेत, असा नियम करावा. शुभंकरोती झाल्यावर एकदा म्हणून घ्यायला अर्धे मिनिटही लागत नाही.

दोन शब्द विजेविषयी. दोरीच्या जुन्या फोनला लागणारी वीज एक्स्चेंजकडून त्याच तारेने येत असे, म्हणून घरातले दिवे गेले तरी तो चालायचा. कॉर्डलेसचे तसे नाही. हातातल्या भागात बॅटरी असली तरी खालची बैठक घरच्या विजेवर चालते, आणि ती बंद पडली की सगळेच मुके. म्हणून तांब्याची तार अजून घरी असेल, तर एक साधा दोरीचा फोन जोडून ठेवावा. फोन फायबरवरून येत असेल, तर त्या डबीलाही वीज लागते. ती डबी आणि बैठक दोन्ही इन्व्हर्टरवर घ्याव्यात. हातातल्या भागातील बॅटऱ्या पुन्हा भरता येणाऱ्या जातीच्या असतात. त्या जुन्या झाल्या की बोलणे मध्येच तुटू लागते. बदलताना त्याच जातीच्या घ्याव्यात. साध्या बॅटऱ्या घालून बैठकीवर ठेवणे धोक्याचे आहे. बॅटऱ्या काढल्यावर साठवलेले नंबर राहतात की पुसले जातात, हे यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत पाहावे. आणि कागदावर यादी असली, तर तीही चिंता नको.

शेवटची गोष्ट जरा नाजूक आहे. पुष्कळ घरांच्या यादीत एखादे बटण असे असते, की जे आता कोणी दाबत नाही. गेलेल्या बहिणीचे, भावाचे किंवा जन्माच्या जोडीदाराचे. ते पुसायला हात होत नाही, आणि मुलांनी पुसलेले आवडत नाही. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या कोणाला दिला जातो, तेव्हा चुकून बोट पडले तर अनोळखी आवाज ऐकण्याचा प्रसंग येतो, आणि तो जिवाला लागतो. मला वाटते, मुलांनी यात घाई करू नये. ते नाव फोनबुकात राहू द्यावे, फक्त बटणावरून उतरवावे, आणि तेही विचारून. रिकाम्या झालेल्या जागी कोणाला बसवायचे हे त्यांनाच ठरवू द्यावे. कित्येकदा तेथे नातवाचे नाव येते.

भाऊबीजेच्या दुपारी जेवणे झाली, की सगळी मंडळी सुपारी कातरत बसतात आणि जागा मिळेल तेथे कलंडतात. त्या अर्ध्या तासात फोन आणि कागद घेऊन बसा. नऊ जागांवर नऊ नावे लिहा, शून्ये तपासा, आणि एकेक बटण वडिलांच्या हातून दाबवून प्रत्येकाला खरोखरच फोन लावून पाहा. पलीकडून ‘काय झाले?’ असे घाबरून विचारले, तर सांगा, ‘काही नाही, दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला फोन केला.’ दहाव्या माणसालाही त्याच दुपारी फोन करा, मात्र त्याचा नंबर आठवून, सगळे आकडे दाबून. त्याला ते सांगितलेत, तर जागा न मिळाल्याचा राग तो धरणार नाही.